येशूच्या तसबिरीवरचं कुंकू

पार्सिपनी, १४ नोव्हेंबर १९८४

शेजारच्या मार्थाने दिलेली येशूची तसबीर मी देव्हाऱ्यात ठेवली होती. रोज गणपतीबरोबर त्यालाही कुंकू लावत होते. देव म्हटल्यावर एक काय, दोन काय. आज ती ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला आली आणि ते कुंकू बघून देव्हाऱ्यापाशीच थांबली. मग म्हणाली, "हा देव असेल, तर एकटा हाच देव आहे. काय मानायचं ते तू ठरव."

कसं ठरवू? एकटा हाच असेल, तर इतकी वर्षं मी कुणाशी बोलत होते? आणि नसेल, तर...? ती गेल्यावर तसबीर बाहेर काढली, पदराने काच साफ केली. निदान त्याचा राग नको.

पदर लाल झाला तेव्हा हात थांबला. उद्या सकाळी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि आज मी आपल्या हाताने कुंकू पुसलं.