विंडोजवरचं लाल

सोम., ३ मार्च
सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याच्या निखिलनं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आमचा कंपायलर प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करतो; त्याच्या टेस्ट लिनक्सवर पास, मॅकवर पास, विंडोजवर लाल, म्हंजी नापास. म्हणे, माझ्या नव्या बदलामुळं. आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तो बदल काढून टाकू. सहा महिन्यांचं काम!
मीटिंग संपली, निखिलचा माइक चालूच. कुणाला तरी म्हणत होता, "येरमाळ्यात बसून कंपायलर लिहितात! शेळ्या राखा म्हणावं."
राखल्यात की. आता तुझी कुठं चरतीय ते बघतो.

मंगळ., ४
माझ्याकडं विंडोज न्हाय. मेहुणा बबन हायवेला ऑनलाइन फॉर्म भरून देतो, त्याच्या दुकानात जाऊन बसलो. माझा बदल काढून टेस्ट चालवल्या. तरी लाल!
बबन घाबरला. "दाजी, व्हायरस घातला का काय?"
"न्हाय रे. पुण्याचा माणूस हाय त्यो."

बुध., ५
घावलं. माझ्या बदलाबरोबरच निखिलचा कोडचा एक तुकडा आत आलाय. तात्पुरती फाइल उघडतो अन् बंद न करताच पुसायला जातो. लिनक्स, मॅक चालवून घेतात. विंडोज म्हणतं, बाजेवर माणूस निजलाय, बाज उचलायची न्हाय.
मागं एकदा हाच फुशारकीनं बोलला होता, "विंडोजला मी हात लावत नाही." ध्यानात ठेवलं होतं.
दुरुस्ती एका ओळीची. लिहून ठेवली. पाठवली न्हाय.

शुक्र., ७
मीटिंगमध्ये निखिल लई बोलला. बोलू दिलं. मग गोड आवाजात, "निखिलराव, माझा बदल काढून विंडोजवर चालवता का?" लाल. "आता माझा ठेवा, तुमचा काढा." हिरवं.
नुसती खुर्ची करकरली त्याची. माझं काळीज गार झालं.
मॅडम, "दुरुस्त कोण करणार?"
"ज्याचा तुकडा, त्यानं."

रवि., ९
निखिलला कारण सापडंना. काल मेसेजमध्ये 'भाऊ', आज 'दादा'. त्याचा तुकडा पुढच्या आवृत्तीत लागणारच, म्हणून मॅडमनी ठरवलंय, तो दुरुस्त होऊन विंडोज हिरवं होईस्तोवर कुणाचाच बदल बाहेर जाणार न्हाय. माझाबी.
बायको म्हणाली, "म्हैस त्याची बांधून घातलीत, पण दावं तुमच्याच पायाला हाय की!"
म्हणलं, उद्या सगळ्यांसमोर माफी मागू दे, मग देतो ओळ.
"आन न्हाय मागितली तर?"
फोन परत वाजतोय. त्याचाच. उचलला तर माझी जीभ सैल सुटंल, ओळ सांगून बसंन. माणसाशी वाकडं बोलायची सवय न्हाय मला, तेच नडतं.
वाजू दे.