गडगडीचं टेबल कुठं वळतं

३ नोव्हें.
गडगडीच्या खेळाचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मंडळाचे अध्यक्ष बबनकाका यांनी समाजमंदिरात परस्पर जाहीर केलं, आपल्या कुरवंड्यात पदवी घेतलेली पोरगी हाय, ती लिवंल. मला कोणी विचारलं नाही. लोणावळ्याला हॉटेलात सकाळची पाळी, दुपारनंतर मोकळीच असते मी. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

गेल्या वर्षी परंदवडीचे लोक सामना अर्धा टाकून गेले. यंदा लेखी नियम असतील तरच येणार. बरोबर आहे त्यांचं. इतकी वर्षं सगळं तोंडी.

५ नोव्हें.
नि. १ : समोरासमोर दोघं. प्रत्येकाला बेरिंगचे सहा गोळे. मधल्या खळगीत पितळी गोळा, तो राजा.
नि. २ : टेबलावर घोंगडी ताणलेली असावी, नाहीतर गोळा थांबत नाही.
नि. ३ : गोळा घरंगळत सोडायचा. फेकायचा नाही.
नि. ४ : राजाच्या सगळ्यात जवळ थांबेल त्याला गुण. काठावरून पडला तर समोरच्याला.
नि. ५ : धक्क्याने राजाच खाली पडला तर...

आईला वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "येवढ्यासाटी इतकी वर्सं भांडत व्हता व्हय?"

९ नोव्हें., रविवार
परंदवडीचे कप्तान इम्तियाजभाई आले. सोमाटण्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. नियम वाचले, मान डोलावली. मग खिशातला मोबाइल टेबलावर आडवा ठेवला. मोबाइलमध्ये सपाटी मोजायची पाणसळ असते हे आज कळलं. टेबल दाराच्या अंगाला कललेलं निघालं. समाजमंदिर उतारावर आहे, फरशीही तशीच. आम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे, पाहुण्यांना सांगावं असं कधी वाटलं नाही. ते म्हणाले, पायाखाली पाचरी घाला, नाहीतर आम्ही येत नाही.

बबनकाका म्हणाले, "गावच उतारावर हाय. गावाखाली पण पाचर घालू का?"

सगळे हसले, इम्तियाजभाईसुद्धा. पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मला पटलं त्यांचं. नि. ६ लिहिला : टेबल सपाट असावं.

१० नोव्हें.
पाचरी घालून पाहिल्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, खेळायला बसले. या टेबलावर ते कधी हरल्याचं मला आठवत नाही. आज त्यांचे गोळे राजाच्या अलीकडेच थांबत राहिले. शांताआत्या चहा घेऊन आली होती, तिला गंमत म्हणून बसवलं. ती जिंकली. आळीभर सांगत सुटली, वॉचमनच्या घरात चोरी झाली म्हणून.

अण्णा खंडाळ्याला एका बंगल्यावर वॉचमन आहेत. तिथे त्यांना नावाने हाक मारत नाहीत, गेटसमोर हॉर्न वाजवतात. समाजमंदिरात त्यांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. नियम लिहिताना मी हे धरलं नव्हतं. धरायचं नसतं, असंही वाटतं.

१२ नोव्हें.
अण्णा ड्यूटीवरून आले. चपला काढताना म्हणाले, "सुजे, त्ये सपाटाचं काढ. येवढं वरीस."

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. "व्हय," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. मला कॉलेजात घालताना भावकीशी कोण बोललं होतं ते...

१४ नोव्हें.
नि. ६ खोडला. नवा : टेबल आहे तसं राहील. ते कुठं आणि कसं वळतं, ते सगळं यजमानांनी पाहुण्यांना आधी सांगावं. दर डावाला बाजू बदलावी.

इम्तियाजभाईंनी तो फोनवर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, "सगळं सांगणार असाल तर येतो." बबनकाका भडकले. पंगतीला बोलवायचं आन आपलंच ताट सरकवायचं, म्हणाले. अण्णांनी शांतपणे ऐकलं. विचारलं, सांगायचं कुणी? मी म्हटलं, तुम्हीच.

१५ नोव्हें., शनिवार
इम्तियाजभाई दुपारी सरावाला आले. अण्णांनी एकेक गोळा सोडून दाखवला. हितनं सोडला की दाराकडं जातो, तितनं जोर कमी लागतो. इम्तियाजभाई स्वतः सोडून बघत होते, चुकले की अण्णा त्यांचं मनगट धरून दाखवत होते. अण्णांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

खिडकीकडच्या कोपऱ्यात घोंगडीखाली दोन फळ्यांचा सांधा आहे. तिथून हळू सोडलेला गोळा उताराला न जाता राजाकडे वळतो. मी लहान असताना त्यांनीच दाखवलं होतं. आज अण्णा त्या कोपऱ्याशी आले. घोंगडीवरून तळहात फिरवला.

"झालं," म्हणाले. "येवढंच हाय."

इम्तियाजभाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "भाऊ, एवढं कुणी सांगत नसतं." मग माझ्याकडे वळून, "काही राहिलं का, ताई?"

अण्णा गोळे पुसून डब्यात ठेवत होते. वर बघितलं नाही. मी म्हटलं, चहा घेऊन जा.

नि. ६ पुन्हा वाचला. यजमानांनी, असं लिहिलंय. त्यात मीही येते.

सामना उद्या नऊला. इम्तियाजभाई अर्धा तास आधी पोचतो म्हणालेत. हॉटेलातली उद्याची पाळी बदलून घेतली आहे, समाजमंदिर उघडायला मी आठला जाणार आहे. अण्णा म्हणतात, मीबी येतो संगं.