मिलिंदचा गॅस

१२ जाने. २००३, जालना

मिलिंदनं आज सर्जन जोशींना पुन्हा तेच ऐकवलं. आयसोफ्लुरेन, त्याचा भुलीचा गॅस, नुसता झोपवत नाही, हृदयालाही सांभाळतो. ऑपरेशनआधी थोडा वेळ दिला की पुढे रक्तपुरवठा कमी पडला तरी हृदय सोसतं, म्हणे. जोशी कौतुकानं ऐकत होते. वीस वर्षं त्यांच्या पेशंटांना भूल देतोय मी. माझं असं कधी ऐकलं? मि.ला घशात नळी घालायला शिकवलं कुणी? मीच.

मी म्हणालो, "सशांवरचे प्रयोग ते."

"माणसांवरही सुरू झालेत, सर."

किती नम्र. त्याचाच राग येतो.

१९ जाने.

पिंपळगाव रेणुकाईहून अक्का आली. पित्ताशयात खडे, दुखणं थांबेना. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. पित्ताशय काढावंच लागणार. जोशी माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूल मिलिंद देईल. सख्खी बहीण आहे तुमची, हात थरथरेल."

बहाणा. म्हणणं बरोबर आहे, तरी बहाणाच.

२१ जाने.

मि. अक्काच्या खाटेशी अर्धा तास बसला. चालताना दम लागतो का, कापूस वेचताना छातीत भरून येतं का... मी हे कधी विचारलंच नव्हतं. भाऊ असून.

अक्का म्हणते, "लई बराबर समजावून सांगून राह्यला रे. तू तर नुस्तं 'काही होत न्हाई' म्हणतोस."

जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, बिलकुल ठीक आहे.

२३ जाने.

ऑपरेशन झालं. मी आत उभा होतो, नुसता.

चीर देण्याआधी मि.नं गॅस दिला, घड्याळ बघत, सावकाश. मधेच बी.पी. पडलं, ऐंशी. ईसीजीची रेघ खाली सरकली. आणि त्या क्षणी मनात आलं, चुकू दे याला.

टेबलावर अक्का होती.

मी हात पुढे करेपर्यंत त्यानं गॅस कमी केला, सलाइन जोरात सोडलं, इंजेक्शन दिलं. रेघ जागेवर आली.

हे कुणाला सांगणार. म्हणून इथे.

२९ जाने.

अक्का गावी गेली. हृदय ठणठणीत. सिस्टर सगळ्यांना सांगत सुटल्यात, मिलिंदसरांच्या गॅसनं वाचवलं. मि. मात्र मला म्हणाला, "एका पेशंटवरून काहीच सिद्ध होत नाही, सर. तुमच्या जुन्या गॅसनं, हॅलोथेननंही त्या बऱ्या झाल्या असत्या कदाचित."

फुशारकी तरी मारायची. मग तोंडावर काही बोलता आलं असतं.

४ फेब्रु.

मि. घरी आला. हृदयरोगाच्या ज्या पेशंटांना मी हॅलोथेन दिलं, त्यांचे जुने कागद हवेत. त्याच्या पेशंटांशी ताडून बघायचंय. "शोधनिबंधावर दोघांचं नाव, सर. तुमचं आधी."

त्या कागदांत दगावलेलेही आहेत. माझ्या अक्षरात.

"शोधावे लागतील," म्हणालो.

गठ्ठा त्याच्या पाठीमागच्याच कपाटात होता. तो चहा पिऊन गेला. मी अजून कपाटासमोर बसून...