पाचव्या गाण्यानंतर

सदाशिव पेठ,
रविवार, ९ मार्च २००३

धम्मदीप,

तुझी सीडी ऐकली. तुझी गिटार, माझा लाकडी खोक्यावरचा ठेका आणि तेच आपलं निवांत फंक संगीत. सात वर्षांपूर्वीच्या कॅसेट्स तू हडपसरच्या ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर चढवतोयस हे कळलं, तेव्हापासूनच माझी झोप उडाली होती.

गाणं संपलं तरी रेकॉर्डर बंद करायचा नाही, हा तुझाच नियम. खरी मजा नंतरच्या टाइमपासमध्ये येते म्हणायचास. पाचवं गाणं झालं त्या दिवशी तू गिटारची तार आणायला खाली गेलास आणि टेप फिरत राहिली. आईने विचारलं, "या दीपचं आडनाव काय रे?"

मी म्हणालो, "साने."

"मग जेवायलाच थांबव की त्याला."

तू थांबलास. दोनदा आमटी मागून घेतलीस. त्यानंतर कितीतरी रविवार जेवलास, आणि कुणीतरी तुला पूर्ण नावाने हाक मारेल म्हणून मी दरवेळी घाईघाईने पान उरकायचो.

सीडीवर ते बोलणं नाही. पाचवं गाणं आईचा आवाज सुरू होण्याआधी बरोबर कापलं आहेस. कापायचं तर आधी ऐकावं लागतं.

सोबतच्या चिठ्ठीत तू एवढंच लिहिलंस, "रविवारी जेवायला येतो. काकूंना माझं नाव सांगून ठेव."

बारा वाजलेत. आई पानं घेतेय आणि तिसऱ्यांदा विचारतेय, कोण येणार आहे ते. खाली तुझी स्कूटर थांबली आहे.

तुझा जोडीदार म्हणवणारा,
सलिल