सुखदेवले अफसर कराचं हाये

३ मार्च १९६३
मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. चीनच्या लढाईनंतर सैनिकी अकादमीत भरतीची रीत बदलली. घरानं, बापाचा हुद्दा, ओळखपाळख आता पाहात नाही म्हने. लेखी परीक्षा, मंग साहेब लोकांचं निवडीचं बोर्ड. म्हंजे माह्यासारख्या पेन्शनी हवालदाराचा पोट्टा अफसर होऊ शकते! सुखदेवच्या मायले सांगतलं तर म्हनते, "कायले पोट्ट्याले बंदुकीच्या तोंडी देता बाप्पा?" तिले काय समजते.

१९ मे
रोज पहाटे वैनगंगेपर्यंत पळवतो. परत आला की सावधान. मी विश्राम म्हनल्याबिगर हलत नाही. जेवालेही 'बस' म्हनल्यावरच बसते. शेजारचे हासतात. हासू द्या लेकाच्यांले. असा शिस्तीचा पोट्टा साऱ्या बालाघाटात नाही.

११ सप्टें.
लेखीत पास!! विहारात पेढे वाटले. आमच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याचा हुकूम झेलला. हा हुकूम देईन. डोळ्यात पानी आलं, कोनाले दिसू नाही दिलं.

२ डिसें.
बोर्डातून आला. नापास.
खोदून खोदून विचारलं तवा बोलला. पाच-सहा पोट्टे, एक ओंडका, दोर, पुढे खड्डा. साहेब म्हनले, "पार करो." मुखिया कोनी नेमलाच नाही. बाकीचे बोंबलत भिडले. हा सावधान उभा.
"काहून बे?"
"बाबा, मले कोनी हुकूमच नाही दिला."


३ डिसें.
मास्तर म्हनतात, हेच तर पाहून राह्यले आता. जो आपल्या मनानं पुढे होते त्याले घेतात. जुन्या रीतीत बाप आडवा यायचा, नव्या रीतीतही बापच आडवा आला.

१० जाने. ६४
आनखी एक बदल. नापासवाल्यांले एक मोका देऊन राह्यले, मंग वय निघून जाईन. सुखदेवले म्हनलं, आजपासून माहं ऐकाचं नाही.
"हौ बाबा." अन् सावधान!
त्याची माय हासली. मंग पदर तोंडाले लावून रडत बसली. मले कपाळ फोडून घ्यावं वाटलं.

३ फेब्रु.
आज अर्ज टाकाची शेवटची तारीख. अर्ज सकाळपासून कोरा. दुपारी जेवताना विचारलं त्यानं, "बाबा, भरू का?" मी ताटाकडे पाहात राह्यलो. 'भर' जिभेवर आलतं, गिळलं. पुन्हा विचारलं.
"अजी, बोला ना काही," त्याची माय म्हने. नाही बोललो. हात धुवून आंगनात येऊन बसलो.
हे लिहून राह्यलो अन् तो दारात उभा हाये. मी भर म्हनलं तर आत्ता भरन, अन् तिथं खड्ड्यापुढे पुन्हा तसाच उभा. नाही म्हनलं तर गेलाच मोका. जीव तुटून राह्यला पोट्ट्यासाठी, पन तोंड उघडाचं नाही.
पोस्ट अजून उघडी हाये.