गरम पाण्याचा पंप

आत्या, तुझा सिरिंजचा प्रयोग आज मी वाळूजच्या कारखान्यात करून दाखवला. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. आता कारखान्यात मला मॅडम म्हणतात.

आमच्याकडे वाफेचं गरम पाणी खड्ड्यातल्या टाकीत जमतं आणि ओट्यावरचा पंप ते ओढून बॉयलरला देतो. पाणी तापलं की पंप खडखडतो, आत खडी पडल्यासारखा. आतलं फिरतं चक्र चाळणी होऊन निघतं. ते बदलून झालं, बेअरिंगही बदलून झालं. शेवटी मोठा पंप मागवायचं ठरलं आणि कागदावर सही माझी हवी होती. मी टाळत राहिले. पंप चुकीचा निघाला तर बॉयलर बंद, आणि जबाबदार मी. सकाळी पाणी कोमट असताना आवाज येत नाही, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत होते. आमचे साहेब पाचोडचे, हयात पंपांत गेलेली. म्हणाले, "मॅडम, थिअरी परीक्षेपुरती असती. त्याच्यात ताकदच नाय, म्हणून ओढत नाय. साधी गोष्ट हाय."

ओढणं हा शब्द ऐकला आणि तुझं सिडकोतलं स्वयंपाकघर आठवलं. मी लहान आहे, मला अजून शाळेत घातलेलं नाही, घरी तूच शिकवतेस. तू पाणी चांगलं उकळून खाली उतरवतेस, उकळी बसू देतेस. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडं घेऊन टोक बोटानं दाबतेस आणि दट्ट्या मागे खेचतेस. शांत झालेलं पाणी पुन्हा उकळायला लागतं. "पाणी ओढता येत नाही गं, बाहेरची हवा त्याला ढकलते. खेचलं की आतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की पाणी लवकर उकळतं. का?" मी म्हणते, "असंच असतं." तू माझ्यापुढची चहाची बशी उचलतेस. "असंच असतं म्हणणाऱ्याला या घरात चहा नाही. माहीत नसेल तर तसं सांगावं."

आज कँटीनमध्ये उकळी बसलेलं पाणी घेऊन सिरिंज साहेबांच्याच हातात दिली. त्यांनी दट्ट्या खेचला, पाणी उकळलं. "अजून जोरात," मी म्हणाले. बुडबुडे वाढले. "हा तुमचा मोठा पंप."

साहेबांनी दट्ट्या सोडून पुन्हा खेचला. "म्हणजे पंपातच उकळवतोय व्हय आपण. हे आम्हाला डिप्लोमाला होतं की. लई मार्क पडले होते मला." आणि स्वतःच हसले. मी सही केली नाही. टाकी उंचावर चढवायची, पंप तिच्या खाली बसवायचा, म्हणजे पाण्याच्या वजनानंच पंपाच्या तोंडाशी दाब टिकेल, असं ठरलं. मला खात्री आहे, खडखड थांबेल.

उठता उठता त्यांनी विचारलं, "पण मॅडम, नुसते बुडबुडे लोखंड कसं खातात?"

तुझी बशी डोळ्यांपुढे आली नसती तर मी 'असंच असतं' म्हणून गेले असते. "नीट माहीत नाही," मी म्हणाले, "उद्या सांगते."

घरी येऊन पुस्तक उघडायचं सोडून हे पत्र लिहीत बसले आहे, जे कुठल्याच टपालपेटीत टाकता येणार नाही. आणि खरं सांगू, उत्तर सापडलेलं नाही, म्हणून अजून चहा घेतलेला नाही.