आधी बोचकं, मग नाव

९ जून १९९२, मंगळवार

नाही! माझा नंबर नाही! पेपरात तीनदा शोधला. बोट ठेवून शोधला, मग चष्मा पुसून शोधला. माझ्या आधीचा आहे, नंतरचा आहे, मधली मीच गायब. गणितच असणार. बाकीचे विषय माझ्याशी इतके वाईट वागत नाहीत.

यंदा सरकारनं इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेतली नकल बंद केली. परीक्षेच्या दारात पोलीस! अर्धी गल्ली नापास झालीय आणि सगळे कसे छाती काढून सांगतायत — "नकल करू कुठे दिली!" मला तेही सांगता येत नाही. मी नकल कधी केलीच नव्हती. मी माझ्या स्वतःच्या अकलेनं नापास झालेय.

बाबांनी खालून हाक मारली, "निवी, आजचा पेपर कुठंय?" तोंडातून निघून गेलं — "माकडानं नेला." बनारसमध्ये यावर कोणी शंका घेत नाही. पेपर माझ्या गादीखाली आहे.

१० जून

इंदूरहून कार्ड आलं. मुलगा बँकेत, उंची पाच फूट सहा, "कन्येचा निकाल लागताच कळवावे." म्हणजे माझ्या निकालाची वाट इंदूरपर्यंत बघतायत! बाबांचं तर केव्हाचं ठरलंय — पास झाली तर बी.ए., नापास झाली तर मार्गशीर्षात लग्न. "उगाच वर्ष वाया नाही घालवायचं." मी सगळ्यांना सांगितलंय, माझा निकाल अडकलाय. आता किती दिवस अडकवून ठेवू?

मला लग्न नाही करायचं. निदान गणितामुळे तर नाहीच नाही.

१२ जून

शरदिनी मावशीनं बॉम्ब टाकला. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण — आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, मुलींच्या कॉलेजात गणित शिकवते, लग्न केलं नाही आणि कोणाच्या बापाला भीत नाही. सोनभद्रच्या जंगलपट्टीतून अकरा आदिवासी मुलं येणार आहेत. महिनाभर मावशी त्यांची कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणार. वर्ग तिच्या हॉलमध्ये, मुली तिच्याकडे राहणार, मुलगे शेजारच्या धर्मशाळेत. सोमवारी पहिला दिवस. मी मदतनीस. सगळ्यांनी मला "दीदी" म्हणायचं.

घरात एकच गोंधळ. ढुंढिराज काका — बाबांचे चुलतभाऊ; बाबा घाटावरचे तीर्थपुरोहित, त्यांच्या यजमानांना स्टेशनावरून आणायचं काम काकांचं — विचारतात कसे, "धनुष्यबाण आणतील का हो?" मावशी म्हणाली, "कंपासपेटी आणतील." आई म्हणाली, "ती खातात तरी काय?" मावशी म्हणाली, "तुझ्या हातचं मी तीस वर्षं खातेय, त्यांना काय होतंय!"

मग माझ्याकडे वळून — "अकराच्या अकरा इंटर पास आहेत. यंदाच्या सालात! नकल नाही, काही नाही. तुझा निकाल सुटला का ग?"

"नाही अजून."

धरणीमाते, बघतेस काय? जे पास झाले त्यांची दीदी कोण, तर जी नापास झाली ती!

१४ जून, रविवार

स्वागताचं भाषण लिहिलं. अगदी सोपं हिंदी, छोटी छोटी वाक्यं, हातवारे. पंखा म्हणजे काय तेही दाखवणार होते. मावशीनं वाचून परत दिलं. म्हणाली, "त्यांच्या गावाच्या डोक्यावरून बिजलीच्या तारा जातात. बिजली तिकडेच तयार होते बाई, तुझा पंखा त्यांच्या कोळशावर फिरतो." पंख्याचं वाक्य काटलं.

उद्याच छिंदवाड्याकडचे यजमानही यायचेत. तेही अकराच! आमच्या घराण्याचे तीन पिढ्यांचे यजमान, बाबा अगदी खूष. काकांनी सकाळी स्टेशनावर जायचं, मी समोरच्या बसअड्ड्यावर. काकांचा नियम जगजाहीर — आधी बोचकं, मग नाव. स्टेशनावर वीस गुरुजींची माणसं टपलेली असतात. नावगाव विचारत बसलात की यजमान दुसऱ्याच्या रिक्षात! म्हणून आधी सामान उचलायचं आणि चालू लागायचं. सामानामागे माणूस येतोच.

बाबांनी बही काढून ऊन दाखवलं. लाल कापडातली ती लांबलचक बही — यजमान, त्यांचे बाप, आजे, गाव, गोत्र, आणि कडेला शेरा. "१९३१, आले ते तापाने फणफणून." असे शेरे. बाबांचा नियमही जगजाहीर — बहीत लिहिलेलं खोडायचं नाही. आजोबांनी एका यजमानाला "महाकंजूष" लिहून ठेवलंय, त्याचा नातू येतो तेव्हा बाबा त्यावर अंगठा ठेवून वाचतात.

१५ जून, सोमवार. दुपार

देवा रे देवा! कुठून सुरू करू?

सहा वाजता बसअड्ड्यावर जाऊन उभी राहिले. हातात पुठ्ठा — "स्वागतम्". पिशवीत कुंकवाची डबी. सोचलं होतं, थकलेली, घाबरलेली, भांबावलेली मुलं शोधायची. आठपर्यंत अड्ड्यावर सगळ्यात भांबावलेली मीच होते. एक कंडक्टर मला म्हणाला, "किसका बारात है?"

नऊ वाजता रडवेली होऊन घरी आले. मावशी दारात. "मुलं कुठायत?" "आलीच नाहीत." मावशीचा चेहरा असा पडला की मला माझा निकाल आठवला. ती दोन वर्षं या वर्गामागे लागली होती. पत्रं, अर्ज, जंगलातल्या शाळांपर्यंत बसचे धक्के. पहिल्याच दिवशी अकरा मुलं हरवली तर पुढच्या वर्षी कोणते आईबाप पाठवतील? तिनं चपला घातल्या. आम्ही दोघी पुन्हा निघालो.

आणि मंगला गौरीच्या पायऱ्यांवर आई धापा टाकत वर येताना भेटली. घाटावर न्हायला गेली होती. "अग शरू, यांचे यजमान किती तरुण आलेत! एक पोरगा पोहत निम्मी गंगा गेला, हे ओरडतायत नुसते!"

मावशी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मग पळत सुटलो.

पंचगंगा घाटावर काय दृश्य! अकरा जण ओल्या अंगानं रांगेत मांडी घालून बसलेले. प्रत्येकाच्या ओंजळीत पाणी. समोर बाबा, पुढ्यात बही, कानावर पेन. आणि काका सगळ्यांची बोचकी सांभाळत छत्रीखाली विजयी मुद्रेनं!

झालं असं — बस लवकर आली होती. मुलं तोंड धुवायला समोर स्टेशनाच्या नळावर गेली. काका तिथेच. अकरा माणसं मोजली आणि — आधी बोचकं! मग नावाऐवजी त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरचा पत्ता पाहिला. चिठ्ठीवर आमचंच घर. वर्ग आमच्याच घरात, दुसरा पत्ता असणार कुठून? काका सरळ घाटावर घेऊन गेले.

मी म्हटलं, "अरे, तुम्ही काही बोलला का नाहीत?" त्यातली फुलकुंवर म्हणून एक मुलगी आहे, गोंडांची, उंच, बोलायला ठाम. ती म्हणाली, "दीदी, हमने सोचा बनारस में भर्ती ऐसे ही होती है। पहले नहलाते हैं, फिर नाम लिखते हैं।"

एकालाच जरा शंका आली होती. रामसूरत, तोच पोहणारा. त्यानं बाबांना विचारलं, "आप यहाँ के बैगा हैं?" त्यांच्याकडे गावची पूजा बैगा करतो. बाबांनी क्षणभर सोचलं आणि म्हणाले, "वही समझो." मग तो बसला.

बाबांना मात्र काहीच वावगं वाटलं नव्हतं! बहीत यांची घराणी सापडेनात, पण चाळीस वर्षांत बाबांनी कोणाला "तुमची नोंद नाही" असं म्हटलेलं नाही. नवं पान काढलं. गोत्र विचारलं तर कोणी झाड सांगितलं, कोणी कासव — "हम लोग उसको मारते नहीं।" बाबांनी लिहिलं. बापाचं नाव, आजाचं नाव विचारलं, तर फुलकुंवर थांबेचना. सात पिढ्या! बाबांचं पेन थांबलं. म्हणाले, "माझे यजमान आजाचं नाव आठवायला बायकोकडे बघतात हो!" आणि शेवटी तिनं बोचक्यातून चारोळीची पुरचुंडी काढून बाबांच्या हातात ठेवली. शिकवणाऱ्या गुरुजींसाठी म्हणून आणलेली.

"ती माझी आहे!" मावशी ओरडली. पहिल्या दिवशी मावशीचं पहिलं वाक्य हे! माझं भाषण तर राहिलंच.

बाबांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी बहीचं ते नवं पान चिमटीत धरलं. मला वाटलं, आता फाडतात. म्हणाले, "लिहिलंय. आता हे आपले."

आणि खरे यजमान? त्यांची गाडी पाच तास लेट. काका तोवर जेवून आडवे. तीन पिढ्यांच्या त्या यजमानांना दुसऱ्याच गुरुजींच्या माणसानं उचललं. आधी बोचकं! बाबा उपाशी बसले. आई म्हणाली, "अकरा गेले, अकरा आले, हिशेब बरोबर. जेवायला चला."

तीच आई. फुलकुंवर सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि परातीशी बसली, तेव्हा सोवळ्यातल्या आईचा "अगं अगं अगं" असा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला. मग आईच म्हणाली — "शिवलीच आहेस तर आता पोळ्या लाट." तिनं इतक्या गोल लाटल्या की आईला राग आला.

१५ जून. संध्याकाळ

पुढे लिहिते, मगाशी मावशीनं बोलावलं.

दुपारी मावशीनं सगळ्यांना एक पेपर दिला. दहा गणितं. मी दीदी, रांगांमधून हात मागे बांधून फिरत होते, अगदी परीक्षेतल्या पोलिसासारखी. फुलकुंवरनं हात वर केला. चौथं गणित. मी वाकून पाहिलं. तेच! तसलंच गणित मला परीक्षेत आलं होतं. मी भारदस्त आवाजात म्हटलं, "पहले खुद कोशिश करो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चांगलंच पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दीदी, आप बस देखती रहिए, मैं ठीक कर रही हूँ ना?" आणि एकेक पायरी बोट ठेवून, मोठ्यानं, सावकाश सोडवायला लागली. कुठे अडलं तर माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा सांगायची. अडलेली ती नव्हतीच. मला कळलं! दोन वर्षं न कळलेलं सात मिनिटांत कळलं. आणि तिला माझं गुपित कळलं.

उठताना म्हणाली, "कल हमारे पास बैठिएगा।" बस, एवढंच. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. रडलेही. किती लाज वाटली! आणि किती हलकंही वाटलं.

संध्याकाळी नवी परेशानी. शाळेकडून आलेली अकरा नावांची यादी रामसूरतच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबर निम्मी गंगा पोहून आली. लगदा! आता पूर्ण नावं आहेत ती फक्त बाबांच्या बहीत. मावशी म्हणाली, "द्या बही, उतरवून घेते." बाबा म्हणाले, "बही दुसऱ्याच्या हातात जात नाही." "मग माझी हजेरी?" "मी येऊन घेईन."

रोज सकाळी बाबा वर येणार! रोज! फुलकुंवरशेजारी बसायचं माझं राहिलंच. बाबांना सांगू का उद्या? सांगितलं तर इंदूर. नाही सांगितलं तर हात मागे बांधून महिनाभर पोलीस.

मघाशी बाबा एकटेच बही उघडून काहीतरी लिहीत होते, मांडीवर कुठलासा जुना पेपर. मला बघून मिटली.

१६ जून, मंगळवार

बाबांनी हजेरी घेतली. बाप, आजा, पणजा, गोत्र, गाव — एकेका नावाला तीन मिनिटं. मावशी घड्याळाकडे बघून दात खात होती. मी भिंतीशी उभी. अकरावं नाव झालं. बाबांनी बही मिटली नाही. पानात खुणेला इंदूरचं कार्ड होतं. ते त्यांनी काढून उपरण्यात खोचलं आणि त्याच आवाजात पुढे वाचलं — "बारा. निवेदिता, कन्या दिनानाथ, नात विश्वेश्वर, राहणार इथेच. शेरा — परीक्षेचा निकाल माकडाने नेला."

कोणी हसलं नाही. फुलकुंवर सरकली, सतरंजीवर जागा केली. मी बसले.

"हाजिर," म्हटलं.